देवलांची सात नाटके, मोठ्याने वाचून

गेल्या वर्षी ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, मी एक नेम धरला. गोविंद बल्लाळ देवल यांची सातही नाटके साधारण ती लिहिली गेली त्या क्रमाने, एकही प्रवेश न गाळता, घरात मोठ्याने वाचायची आणि ज्यांचे प्रयोग किंवा ध्वनिमुद्रणे मिळतील ती पाहायची, ऐकायची. मागच्या आठवड्यात 'संशयकल्लोळ'चा शेवटचा प्रवेश वाचून झाला आणि नेम पुरा झाला. या वर्षात देवलांविषयीची माझी समजूत मुळापासून बदलली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

नेमाचे निमित्त झाले ते 'संशयकल्लोळ'चा एक प्रयोग. पदे सगळी होती, गायकही तयारीचे होते. पण वेळेत बसवण्यासाठी गद्य प्रवेश इतके कापले होते की फाल्गुनरावाची बायको कृत्तिका हिचा संशय कुठून उगवतो हेच प्रेक्षकांना कळत नव्हते. ती उगीच भांडणारी बाई वाटत होती. घरी येऊन मी मूळ संहिता उघडली, आणि कापलेल्या पानांतच नाटकाचा अर्धा जीव होता हे पाहून मला फार वाईट वाटले. त्याच रात्री असेही जाणवले की 'शारदा', 'संशयकल्लोळ' आणि 'मृच्छकटिका'तली चार-पाच पदे एवढ्यावरच मी आजवर देवल आपल्याला ठाऊक आहेत असे समजत होते.

पहिले नाटक १८८६ सालचे 'दुर्गा'. थॉमस सदर्न या आयरिश नाटककाराच्या इसाबेलेच्या शोकांतिकेवर ते बेतलेले आहे. नवरा मेला असे समजून पुन्हा संसार मांडलेल्या स्त्रीच्या दारात तो नवरा जिवंत उभा राहतो, ही त्या शोकांतिकेची कळ. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा तीस वर्षे झाली होती, आणि तरीही तसे लग्न करणाऱ्या घराला वाळीत टाकले जात होते. अशा काळात हा विषय निवडणारा लेखक पुढे 'शारदा' लिहील यात नवल ते काय, असे आता वाटते. पण 'दुर्गा' वाचेपर्यंत हा धागा मला दिसलाच नव्हता. माझ्याकडची प्रत एका जुन्या छापील पुस्तकाच्या स्कॅनवरून काढलेली आहे. तिच्यात 'म्हणून'च्या जागी 'ह्मणून', 'नाही'च्या डोक्यावर अनुस्वार, आणि विरामचिन्हे अशी की वाक्य कुठे संपते हे डोळ्यांना कळू नये. पहिले दोन दिवस मी अडखळत होते. तिसऱ्या दिवशी आईने पुस्तक हातात घेतले आणि न थांबता वाचायला लागली. तिच्या लहानपणी आजी याच वळणाने बोलत असे, त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा हे तिला आपोआप कळत होते. तेव्हापासून वाचनाची मुख्य सूत्रे आईकडे गेली.

'विक्रमोर्वशीय' आम्ही चार संध्याकाळींत संपवले. कालिदासाचा तो चौथा अंक, वेलीला आणि मोराला उर्वशीचा पत्ता विचारत हिंडणारा राजा, मराठीतही सुंदर आहे. परंतु या नाटकात देवल मला कालिदासाच्या मागे आदराने दोन पावले चालताना दिसतात.

'मृच्छकटिका'त ते तसे चालत नाहीत. शूद्रकाचे हे संस्कृत नाटक दहा अंकांचे, माणसांनी गजबजलेले. त्यातले चोर, जुगारी, न्यायाधीश, दासी मराठीत असे बोलतात की उज्जयिनी आपल्याच गावाच्या पेठेपलीकडे असावी. पण मला इथे सांगायचे आहे ते वसंतसेनेच्या दागिन्यांविषयी. ही गणिका ते आपल्या प्रियकराकडे, चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवते. तिच्या दासीला, मदनिकेला सोडवण्यासाठी शर्विलक ते घर फोडून चोरतो. ते फिरून वसंतसेनेकडेच येतात. मातीची गाडी नको म्हणून रडणाऱ्या रोहसेनाला, चारुदत्ताच्या मुलाला, सोन्याची गाडी करून घे म्हणून ती ते देऊन टाकते. आणि शेवटी भर न्यायसभेत चारुदत्ताचा मित्र मैत्रेय याच्या काखेतून ते खाली पडतात, तेव्हा चारुदत्तावरचा खुनाचा आळ पुरा शाबीत होतो. प्रेमाने दिलेली वस्तूच गुन्ह्याचा पुरावा ठरते. वाचताना मी समासात एवढेच लिहिले होते: वस्तू खरी, अर्थ खोटा.

ही नोंद पुढे 'झुंझारराव' वाचताना एकदम जिवंत झाली. १८९० सालचे हे नाटक शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून केलेले आहे आणि गणपतराव जोशींनी त्यातला नायक गाजवला. इथे नायकाच्या बायकोची, डेस्डिमोनाची कमळजा होते आणि खलनायक इयागोचा जाधवराव. आम्ही भूमिका वाटून घेतल्या: आई कमळजा, मी झुंझारराव, आणि सुट्टीला आलेला माझा भाचा जाधवराव. भाच्याला नाटकाचा काहीही अनुभव नाही. तो साध्या, सपाट आवाजात, कॉलेजातली हकिकत सांगावी तसा वाचत गेला, आणि त्यामुळेच त्या खोलीत भीती भरत गेली. झुंझाररावाच्या कानात विष ओतणारा माणूस खलनायकी हसत नाही; काळजीने बोलतो, अर्धे वाक्य सोडून देतो, आणि उरलेले अर्धे झुंझारराव स्वतःच पुरे करतो. कमळजेचा रुमाल तिच्याविरुद्ध पुरावा ठरतो त्या प्रवेशात हे इतके लख्ख दिसते की मला माझ्याच ओळी वाचवेनात. शेवटच्या अंकात कमळजा जीवदान मागते तिथे आईने पुस्तक मिटून मांडीवर ठेवले. तो प्रवेश आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेडात वाचला.

या नाटकाचा प्रयोग माझ्या वयाच्या किती जणांनी पाहिला असेल? मी तरी पाहिलेला नाही. गद्य नाटक म्हणून, रूपांतर म्हणून आपण ते कपाटात ठेवून दिले, आणि याबद्दल मला खरोखर खंत वाटते.

१८९३ सालचे 'शापसंभ्रम' बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून घेतलेले आहे. बाणाची कथा म्हणजे गोष्टीच्या पोटात गोष्ट आणि जन्माच्या मागे जन्म. तिला रंगमंचाच्या चौकटीत बसवणे हे काम मुळातच अवघड. अच्छोद सरोवराकाठची महाश्वेता मनात राहते, बाकी पसारा राहत नाही. तरी हे गाळले नाही याचे समाधान आहे, कारण इथपर्यंत आल्यावर एक गोष्ट कानाला पक्की कळते: शाप, अप्सरा, जन्मांतरे यांत देवलांचा हात जड होतो, आणि माणसे घरात, रस्त्यावर, ओसरीवर बोलू लागली की तोच हात हलका होतो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या सहवासात घडलेला आणि पुढे नटांना तालीम देण्यात आयुष्य घालवलेला हा माणूस वाक्य कानाने लिहीत होता.

'शारदा' वाचायला मी सांगलीला मावशीकडे गेले. देवलांचा जन्म १८५५चा, सांगलीजवळच्या हरिपूरचा. मी आणि मावशी पुस्तक घेऊन हरिपूरला गेलो आणि कृष्णा-वारणेच्या संगमावर, संगमेश्वराच्या देवळाजवळ, दुपारभर बसून तीन अंक वाचले. एके काळी हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव. जमिनीखालच्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षे साठवून भाव आला की विकली जाई, असे मावशी सांगत होती, आणि मांडीवरच्या पुस्तकात कांचनभट आपल्या मुलीचा भाव ठरवत होता. मैत्रिणी शारदेला म्हाताऱ्या नवऱ्यावरून चिडवतात ते 'म्हातारा इतुका न' हे पद आपण मैफलीत हसत ऐकतो. ओळीने वाचताना ते हसू घशात अडकते, कारण पुढच्याच अंकांत त्या पोरीला नदी जवळची वाटू लागते. नदी समोरच वाहत होती. मावशी बराच वेळ काही बोलली नाही.

या नाटकाचा शेवट, म्हणजे सगोत्राचा मुद्दा निघून लग्न थांबणे आणि अर्ध्या विधींतून उठलेल्या मुलीच्या पुढच्या लग्नाला शंकराचार्यांची संमती मिळणे, मला पूर्वी सोयीस्कर वाटत असे. आता तसे वाटत नाही. बापाला दया येऊन लग्न मोडत नाही, हे देवलांनी ठामपणे दाखवले आहे. शास्त्राने बांधलेली गाठ शास्त्रानेच सोडवावी लागते. १८९९च्या प्रेक्षकाला याहून थेट काय सांगता आले असते? (१९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याचे 'शारदा कायदा' हे नाव या नाटकावरून पडले, असे अनेकदा ऐकू येते. ते खरे नाही. ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून आले.)

शेवटचे 'संशयकल्लोळ'. त्याचे मूळ मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या १६६० सालच्या प्रहसनात आहे. तिथून ते आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकात आले, आणि देवलांनी १८९३मध्ये त्याचे गद्य 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' केले. १९१६ साली, म्हणजे देवलांच्या निधनाच्याच वर्षी, ते पदांसह गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव यांची ख्याती आजही ऐकू येते. आता तारखा शेजारी ठेवून पाहा: 'झुंझारराव' १८९०चे, 'फाल्गुनराव' १८९३चे. तिकडे रुमाल चुकीच्या हातात सापडतो आणि बायकोचा जीव जातो. इकडे प्रियकर अश्विनशेठची तसबीर रेवतीच्या हातून रस्त्यात पडते, कृत्तिकेला सापडते, फाल्गुनराव तिला ती निरखताना पाहतो, आणि आपण पोट धरून हसतो. त्याआधी मूर्च्छा आलेल्या रेवतीला सावरणारा फाल्गुनराव कृत्तिकेनेही पाहिलेला असतो. पाहिलेले सगळे खरे, काढलेला अर्थ सगळा खोटा. दागिने, रुमाल, तसबीर. विश्वास उडाला की डोळ्यांदेखतचा पुरावाही कसा खोटे बोलतो, ही एकच गोष्ट या माणसाने तीन वेगवेगळ्या देशांच्या तीन नाटकांतून उचलली, आणि ती निवड त्याची स्वतःची होती. सातांपैकी स्वतंत्र असे एकच नाटक, म्हणून देवलांचे मोठेपण 'शारदे'पुरते मोजण्याची जी पद्धत आहे, ती मला यापुढे मान्य करता येणार नाही. कृत्तिकेचे प्रवेश कापणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे, कारण तिने जे पाहिले ते प्रेक्षकाला पाहू दिले नाही, तर उरते ती फक्त गाण्यांची मैफल.

आम्ही आता 'झुंझारराव' पुन्हा वाचणार आहोत, या वेळी घराबाहेर, वीस-पंचवीस माणसांपुढे. भाचा जाधवराव करायला कबूल झाला आहे, आईने कमळजेला मात्र नकार दिला आहे. ती म्हणते, एकदा पुरे. पुण्यात राहणाऱ्या आणि मोठ्याने वाचायची लाज न वाटणाऱ्या कुणाला कमळजा वाचायची असेल तर मला कळवावे. आणि आणखी एक विनंती: 'दुर्गा'च्या माझ्या प्रतीत शेवटाकडची दोन पाने स्कॅन करताना सुटली आहेत. कुणाच्या घरी, वाचनालयात, आजोबांच्या कपाटात ते पुस्तक पूर्ण असेल, तर त्या दोन पानांचे फोटो पाठवावेत. तेवढे वाचायचे राहिले आहे.