दोन स्टार दिलेल्या ताईंना, केनियातल्या मसाई मारातून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. आज सकाळी आचारी, गाइड आणि बुकिंगचे कागद, सगळीकडे चौकशी करून मगच लिहायला बसले आहे. ऑगस्टमध्ये तुम्ही चौघं तीन रात्री आमच्या सफारी कॅम्पवर होतात. तुम्ही लिहिलंत की चित्ता समोर असताना गाइडने गाडी पुढे घेतली नाही, सासूबाईंच्या शाकाहाराची काळजी घेतली नाही, नदीवर जायला वरून ८०० डॉलर घेतले, कॅम्पला कुंपण नाही म्हणून सासूबाईंना झोप लागली नाही, आणि अंघोळीचं पाणी कोमट होतं. यातल्या बऱ्याच गोष्टींत चूक आमची आहे. चित्त्याच्या बाबतीत मात्र मी गाइडच्या पाठीशी आहे.

आधी स्वयंपाकघर, कारण तेच मला सगळ्यात जास्त लागलं. सासूबाई माळकरी आहेत हे तुम्ही बुकिंगच्या वेळीच कळवलं होतंत. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी, बाभळीखालच्या नाश्त्याला, ज्या चिमट्याने सॉसेज उलटली त्याच चिमट्याने त्यांच्या ताटलीत टोमॅटो वाढला गेला. त्या काही न बोलता बाजूला जाऊन बसल्या आणि दुपारपर्यंत केळ्यांवर राहिल्या. मी मूळची साताऱ्याकडची. माझ्या आजीच्या गळ्यात माळ होती आणि तिचं पातेलं, तिचा पेला आम्हा मुलांना उचलायचीसुद्धा मुभा नव्हती. त्यामुळे त्यांच्या मनाला काय वाटलं असेल हे मला कुणी सांगायला नको. आमच्या आचाऱ्याच्या लेखी शाकाहारी म्हणजे ताटात मांस नको, एवढंच. त्यापुढचं त्याला शिकवणं हे माझं काम होतं आणि ते मी केलं नाही. आता शाकाहारी पाहुण्यांचा तवा, चिमटा, सुरी आणि भाजी चिरायची फळी हिरव्या झाकणाच्या वेगळ्या पेटीत असते, आणि बाहेरच्या नाश्त्यालाही तीच पेटी गाडीत जाते. सासूबाईंची मी मनापासून क्षमा मागते.

पाण्याचं म्हणाल तर ढगाळ दिवशी सोलर हीटरने दगा दिला, आणि चुलीवर पाणी तापवायला आम्ही उशीर केला. चूक आमचीच.

आता ते ८०० डॉलर. तुम्ही ज्या तंबूत राहिलात तो मसाई मारा राष्ट्रीय अभयारण्याच्या बाहेर, त्याला लागून असलेल्या खाजगी कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे मसाई कुटुंबांच्या जमिनीवर राखलेल्या वन्यजीव क्षेत्रात आहे. विल्डबीस्टचे, म्हणजे गाईएवढ्या रानटी हरणांचे, कळप मारा नदी ओलांडतात ते अभयारण्याच्या हद्दीत, आणि तिथलं तिकीट वेगळं. जुलै २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना जुलै ते डिसेंबरमध्ये माणशी दिवसाला २०० डॉलर पडतात, आणि ते सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच चालतं. हा पैसा नारोक काउंटीकडे, म्हणजे इथल्या स्थानिक सरकारकडे जातो, आमच्याकडे राहत नाही. पण आमच्या कागदावर ही ओळ शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत होती. चार तास काठावर थांबून कळप पाण्यापर्यंत आला आणि माघारी फिरला, त्यावर कुणाचाच इलाज नाही. पैशाचा धक्का मात्र टाळता आला असता. पूर्ण ८०० डॉलर तुमच्या खात्यावर परत करत आहोत, आणि ती ओळ आता पहिल्या पानावर आली आहे.

आता चित्ता. तुम्ही विचारलंत, "एवढे पैसे भरून आम्ही लांब उभं राहायचं?" तुमचा राग मला कळतो, आयुष्यात एकदा एवढ्या लांब येणं होतं. पण त्या सकाळी काय चाललं होतं ते सांगते. मादीबरोबर तीन पिल्लं होती. तिने नुकतंच एक थॉमसन गझेल, म्हणजे छोटं हरीण, पाडलं होतं आणि ती धापा टाकत शेजारी बसली होती. शिकारीनंतर चित्त्याला दम खाल्ल्याशिवाय घासही घेता येत नाही, आणि तेवढ्यात तरस आला तर शिकार गेलीच म्हणायची. तिच्याभोवती आधीच पाच गाड्या होत्या. पाचापेक्षा जास्त गाड्या नाहीत, हा आमच्याकडे नियम आहे. तुमच्या गाइडने झुडपाआड इंजिन बंद केलं आणि पंचवीस मिनिटं वाट पाहिली. एक गाडी निघाली तोवर मादी पिल्लांना घेऊन उंच गवतात गेली होती.

हा नियम उगाच नाही. मारातल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटकांची वर्दळ कमी, तिथे एका विणीतली सरासरी २.३ पिल्लं मोठी होऊन स्वतंत्र झाली, आणि जिथे वर्दळ जास्त, तिथे फक्त ०.२. हे आकडे वाचल्यापासून सहावी गाडी पुढे घ्या, असं मी कुठल्याच गाइडला सांगू शकत नाही.

आणि तुमचे पैसे कशाचे होते, हेही सांगायला हवं. ही जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची आहे. पाहुणे येवोत न येवोत, त्यांना दर महिन्याला भाडं जातं, म्हणून ती नांगरली जात नाही, तिला तारेचं कुंपण पडत नाही आणि गुरं ठरवून दिलेल्या भागातच चरतात. शेजारच्या नाबोइशो आणि ओलारे मोतोरोगी कॉन्झर्व्हन्सींत तर ३५० एकरांमागे एकच तंबू, असं बंधन आहे. कॅम्पला कुंपण नाही तेही जनावरांची वाट मोकळी राहावी म्हणून. हत्तींची रोजची वाट आमच्या तंबूंच्या मधून जाते. अंधार पडल्यावर अस्करीशिवाय, म्हणजे पहारेकऱ्याशिवाय, पाऊल टाकू देत नाही तेही त्यामुळेच. पण सत्तरीच्या बाईंना सगळ्यात कडेचा तंबू द्यायला नको होता. रात्री दोन वाजता हत्तीने फांदी मोडल्याचा आवाज उशाशी आला तर कोण झोपेल? वयस्कर पाहुण्यांना आता जेवणाच्या तंबूशेजारची जागा देतो.

हे सगळं गाइडने पहिल्याच संध्याकाळी, शेकोटीपाशी सांगायला हवं होतं. त्याला इंग्रजी येतं, पण सासूबाईंना ते कळत नव्हतं आणि मी तिथे नव्हते. आता बुकिंग पक्कं झालं की नियमांचा मराठी कागद मी स्वतः पाठवते. तुम्हाला तो मिळाला नव्हता, हे मान्य. पण गाइडला तुम्ही उद्धट म्हणालात तेवढा शब्द मागे घेता आला तर पाहा. माणूस मितभाषी आहे, आणि तुमचं लिहिलेलं मी त्याला वाचून दाखवलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "आजींनी नंतर जेवण केलं का?"

सासूबाईंची तपकिरी शाल ४ नंबरच्या तंबूत राहिली होती. धुऊन ठेवली आहे. पुढच्या महिन्यात माझी बहीण पुण्याला येतेय, तिच्या हाती पाठवते. पत्ता तेवढा कळवा.