प्रबंध राहू द्या, आधी डेटा फाइल उघडा

पीएचडीचा प्रबंध तपासायला आला की परीक्षक संदर्भसूची बघतात, साहित्याचा आढावा बघतात, आलेख आणि निष्कर्ष बघतात, प्लेजिअरिझमचा रिपोर्ट बघतात. पण ज्या एक्सेल फाइलमधून हे सगळे आकडे निघाले, ती क्वचितच कुणी उघडतं. माझं मत स्पष्ट आहे: ती फाइल आणि तिच्यापासून प्रबंधातल्या तक्त्यापर्यंतची प्रत्येक पायरी हा प्रबंधाचाच भाग आहे, आणि ती तपासल्याशिवाय पदवी देऊ नये. शाखा कुठलीही असो, पाणी बहुतेक वेळा तिथेच मुरतं.

जनुकशास्त्रातलं उदाहरण आता बऱ्याच जणांना माहीत आहे. ‘सेप्ट२’ किंवा ‘मार्च१’ अशा नावांची जनुकं एक्सेलमध्ये टाकली की त्यांच्या तारखा व्हायच्या. हा घोळ २००४ मध्येच छापून आला होता. तरीही २०१६ च्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत तो सापडला. शेवटी नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली, ‘सेप्टिन२’ आणि ‘मार्चएफ१’ अशी, आणि २०२० मध्ये तसं जाहीर केलं. आपोआप होणारं हे रूपांतर बंद करायची सोय एक्सेलमध्ये २०२३ मध्ये आली.

याहून गंभीर प्रकरण अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातलं. कुठल्या रुग्णाला कर्करोगाचं कुठलं औषध लागू पडेल हे जनुकांवरून सांगता येतं, असा दावा तिथल्या गटाने केला होता. किथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी उपलब्ध फाइलींवरून ते गणित उलटं सोडवून पाहिलं आणि २००९ मध्ये निष्कर्ष छापले. जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली होती. काही ठिकाणी ‘औषधाला दाद देणारे’ आणि ‘दाद न देणारे’ ही लेबलंच उलटी लागली होती. आणि याच्या आधारावर खऱ्या रुग्णांवर चाचण्या चालू होत्या, त्या २०१० मध्ये थांबल्या. पुढे त्या प्रकरणात आणखी बरंच बाहेर आलं, पण सुरुवात ओळ सरकण्यापासून झाली होती.

ओळ सरकते कशी, हे नीट समजून घ्या. तक्त्यात मध्ये एखादा कॉलम पूर्ण रिकामा असला की एक्सेल त्याच्या डावीकडचा आणि उजवीकडचा भाग वेगवेगळा समजतं. तुम्ही सॉर्ट करता, डावा भाग हलतो, उजवा जागच्या जागी राहतो. एका रुग्णाचं वय दुसऱ्याच्या हिमोग्लोबिनला चिकटतं. कुठलीही सूचना येत नाही, सरासरी तीच राहते, म्हणून शंकाही येत नाही. बिघडतो तो दोन गोष्टींमधला संबंध, आणि संशोधन तर बहुतेक वेळा त्या संबंधाबद्दलच असतं. एका तक्त्यातली माहिती शोधून दुसऱ्यात आणणाऱ्या व्हीलुकअप या सूत्राचंही तसंच. त्यातला शेवटचा पर्याय लिहिलाच नाही तर ते अंदाजे जुळणारी ओळ उचलतं.

वैद्यकीय प्रबंधांच्या मास्टर चार्टमध्ये, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या नोंदींच्या मुख्य तक्त्यात, सगळ्यात जास्त गोंधळ रिकाम्या जागांचा. तपासणी केलीच नाही, रिपोर्ट हरवला, आणि आकडा यंत्राच्या मोजमर्यादेखाली होता, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींसाठी शून्य लिहिलं की सरासरी खाली येते. ९९९ लिहिलं आणि गणिताच्या वेळी वगळायचं राहिलं की ती आभाळाला भिडते. सेल रिकामा ठेवा आणि कारणासाठी शेजारी वेगळा कॉलम करा. पिवळा, हिरवा रंग देऊन माहिती साठवू नका, कारण सीएसव्हीत, म्हणजे नुसत्या मजकुराच्या फाइलीत, रंग उतरत नाही.

मानव्यशाखेतल्या लोकांना वाटतं, हे आपल्याला लागू नाही. उलट त्यांनाच ते जास्त लागू आहे. एक्सेलला १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून कळतच नाही. १८५७ चं पत्र नुसता मजकूर म्हणून बसतं आणि क्रम लावताना कुठेही जाऊन पडतं. त्यात तारखा १९०४ पासून मोजणारी, मॅक संगणकावरची जुनी एक्सेल फाइल मिसळली की तारखा १,४६२ दिवसांनी हलू शकतात. शिवाय इंग्लंडमध्ये १७५२ च्या आधी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे तिथल्या कागदावरचा फेब्रुवारी १७२० हा आपल्या हिशेबाने बहुधा फेब्रुवारी १७२१ असतो. म्हणून कागदावर लिहिलेली तारीख जशीच्या तशी एका कॉलममध्ये, आणि आपण लावलेली तारीख वर्ष, महिना, दिवस अशा तीन वेगळ्या कॉलममध्ये. दफ्तराचा फोटो काढताना पहिल्या फ्रेममध्ये रुमाल क्रमांक (कागद ज्या कापडी गठ्ठ्यात बांधलेत त्याचा) आणि पान क्रमांक आलाच पाहिजे.

इंजिनिअरिंगमध्ये एकक कॉलमच्या नावातच लिहा. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे मंगळयान नष्ट झालं ते एका सॉफ्टवेअरने पाउंड-बल-सेकंदात दिलेले आकडे दुसऱ्याने न्यूटन-सेकंद समजून वापरल्यामुळे. फिल्टर लावलेला सिग्नल मूळ फाइलवर सेव्ह करू नका. मोजमापं आपोआप नोंदवणारी दोन यंत्रं (लॉगर) असतील तर प्रयोगाच्या सुरुवातीला आणि शेवटी दोघांच्या घड्याळांतला फरक नोंदवा.

मग करायचं काय? यंत्रातून निघालेली मूळ फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, तिचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून संगणक काढतो तो सांकेतिक आकडा) लिहून ठेवा, म्हणजे एक अक्षर बदललं तरी कळेल. सूक्ष्मदर्शकाचे फोटो मूळ स्वरूपात किंवा टिफमध्ये ठेवा. जेपेगमध्ये बारीक तपशील कायमचा जातो. पुढची प्रत्येक दुरुस्ती आर किंवा पायथन या संगणकभाषांच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे लिहून ठेवलेल्या आज्ञांमधून, करा, माउसने नको. स्क्रिप्ट येत नसेल तर कुठला सेल, आधी काय, नंतर काय, का आणि कुणी, अशी वही ठेवा. दोन फाइली जोडण्याआधी आणि जोडल्यावर ओळी मोजा. समजा २४० रुग्ण होते आणि जोडल्यावर २५१ ओळी झाल्या, तर काही रुग्णांचे दोन-दोन रिपोर्ट आहेत आणि ते विश्लेषणात दोनदा मोजले जाणार आहेत. इथेच थांबून कुठला रिपोर्ट धरायचा ते ठरवा.

‘एवढा वेळ कुठे आहे’ हा आक्षेप मला अजिबात पटत नाही. विद्यार्थ्याला प्रबंधाची बांधणी, समास, फॉन्ट यांवर आठवडे घालवायला लावतो, तर हे शिकवायला वेळ काढलाच पाहिजे. आणि यात विद्यार्थ्याचा दोष कमी, गाइडचा जास्त, कारण पहिल्या वीस-तीस नोंदी झाल्यावर फाइल मागून बघणं हे गाइडचं काम आहे. तेव्हा सापडलेली चूक तासाभरात सुधारते.

व्हायवासाठी माझी सूचना साधी आहे. परीक्षकाने प्रबंधातल्या कुठल्याही तक्त्यातला एक आकडा निवडावा आणि विद्यार्थ्याला लॅपटॉप उघडायला सांगावं. त्या आकड्यापासून स्क्रिप्ट किंवा वहीपर्यंत, तिथून मूळ फाइलमधल्या ओळींपर्यंत त्याने तिथल्या तिथे नेऊन दाखवावं. असे तीन आकडे पुरेत. एकही मुळापर्यंत पोचत नसेल, तर तोंडी परीक्षा त्या दिवशी पुढे ढकलावी आणि गाइडकडूनही लेखी खुलासा मागावा.