झेड ड्राइव्हची लाल फुली

परत तेच! घरून कॅम्पसच्या नेटवर्कशी जोडणारं व्हीपीएन 'कनेक्टेड' म्हणतंय अन् झेड ड्राइव्हवर, म्हणजे तिथल्या सर्व्हरवरच्या फाईलींच्या कप्प्यावर, लाल फुली. सर्व्हर नावानं सापडत नाही, आयपी पत्ता टाकला की लगेच उघडतो. म्हणजे बोंब डीएनएसची, नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेची, पण आयटीवाल्यांचं उत्तर ठरलेलं, "रीस्टार्ट करून बघा."

४४५ नंबरचा पोर्ट, म्हणजे फाईल शेअरिंगचं दार, बाहेरून बंद ठेवलाय, ते बरोबरच. त्याच वाटेनं पसरलेला २०१७ चा खंडणीखोर व्हायरस वॉनाक्राय मलाही आठवतो. पण पासवर्डची मुदत संपली की बदलायला कॅम्पसमध्येच या, हे कुठलं शहाणपण? अमळनेरहून जळगाव, तिथून रात्रीच्या गाडीनं पुणं, कशासाठी? तर आठ-दहा अक्षरं बदलायला! काल कसंबसं जुळलं, फाईल अर्धी उतरली अन् लाईट गेली. आजी ओट्यावरून विचारते, "काय जायं रे भाऊ?" काय सांगू तिला, कप्पाळ!