तारीख ठरली आहे, आता नियोजन करा

प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून रुजू झालात, अभिनंदन. टेबलावर एमएस प्रोजेक्ट हे वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर आहे, सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत टॉवेल कारखान्याची शेड उभी करायची आहे, आणि मालकांनी उद्घाटनाची तारीख पुढाऱ्याला देऊनही टाकली आहे. म्हणजे अवघड भाग झालाच. आता फक्त नियोजन उरलं.

अडाणी माणूस आधी कामं लिहितो, कुठलं कशामागून ते जोडतो, दिवस टाकतो आणि शेवटी कोणती तारीख निघते ते बघत बसतो. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँडच्या मंडळींनी क्रिटिकल पाथची, म्हणजे कामांच्या सगळ्यात लांब साखळीवरून शेवटची तारीख काढायची, पद्धत काढली ती अशीच. त्यांच्या उद्घाटनाच्या पत्रिका आधी छापून आलेल्या नसाव्यात.

तुम्ही शेवटाकडून सुरुवात करा. प्रत्येक कामापुढे सुरुवातीची हवी ती तारीख हाताने टाइप करा. तारखा आपोआप काढायच्या ‘ऑटो’ पद्धतीत सॉफ्टवेअर त्या कामाला ‘याआधी सुरू करू नये’ असा खिळा मुकाट्याने ठोकून टाकतं. मग आधीचं काम लवकर झालं तरी पुढचं जागचं हलत नाही. कामं एकमेकांना जोडायच्या भानगडीत तर पडूच नका. जोडलीत की पायाचं खोदकाम आठ दिवस लांबल्यावर उद्घाटनही आठ दिवस सरकतं, आणि ते मालकांना पडद्यावर लाल रंगात दिसतं. न जोडता ठेवलीत तर खोदकाम दिवाळीपर्यंत चालू द्या, उद्घाटन जागच्या जागी. आणि हो, याच पद्धतीत मुदत न टाकता काम लिहिलं की रकान्यात ‘१ दिवस?’ असं उमटतं, त्यातलं प्रश्नचिन्ह आठवणीने पुसा. अख्ख्या फाइलीत खरं बोलणारी तेवढीच एक खूण असते आणि बैठकीत नेमकी तीच कुणाच्या तरी डोळ्यात खुपते.

कॅलेंडरला हात लावू नका. मूळचं कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, ८ ते १२ आणि १ ते ५, असं साहेबी थाटाचं असतं. आपल्याकडे शनिवारी काम चालतं हे त्याला माहीत नाही, आणि जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा असते हेही नाही. संक्रांतीच्या तोंडावर नंदीध्वज निघाले, अक्षता सोहळा आला, की साइटवर वॉचमनसुद्धा सापडत नाही. पुढे होम मैदानावर गड्ड्याची जत्रा. मिस्त्री पोराबाळांना घेऊन पाळण्यात बसलेला, आणि तुमच्या फाइलीत त्याच वेळी तो ऑफिसच्या भिंती बांधतोय! यात्रा काही न सांगता येत नाही, दरवर्षी संक्रांतीलाच येते. पण कॅलेंडरात ती भरलीत तर ‘अचानक लेबर कमी पडलं हो’ म्हणायची सोय जाते. ती कशाला घालवा?

स्लॅबचं तसंच. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ म्हणतं की कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओलं ठेवा. आपला उन्हाळा पारा चाळिशीपार नेतो, आणि नळाला काही दिवसांआड पाणी येण्याची सवय या गावाच्या हाडीमाशी खिळलेली, तेव्हा टँकर आलाच. टँकरची वाट बघण्यापेक्षा, एखादी जोडणी राहिलीच असेल तर तिच्या ‘लॅग’च्या, म्हणजे दोन कामांमध्ये थांबायच्या दिवसांच्या, चौकटीतले १० खोडून ३ करा. एका झटक्यात आठवडा वाचला. सिमेंटला वाचता येत नाही, ते उलट उत्तर देणार नाही. भेगा पडतील तोवर तुमच्या खुर्चीवर दुसरा कोणी बसलेला असेल.

एमएस प्रोजेक्टमध्ये ११ बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या नियोजनाच्या नकला, जतन करता येतात. करणाऱ्यांनी आपल्यासारखी माणसं पाहिलेली असणार. काम मागे पडलं की नवी बेसलाइन घ्यायची, तुलना तिच्याशीच करायची, उशीर शून्य. मी एका कामावर सात वापरल्या. अहवाल शेवटपर्यंत स्वच्छ होता, इमारत तेवढी अर्धी होती.

प्रगतीची टक्केवारी फोनवरच घ्या.

‘‘मिस्त्री, खिडक्या किती झाल्या?’’

‘‘झाल्याच म्हणा की, सायेब.’’

लिहा ९० टक्के. पुढच्या सोमवारीही तेच विचारा, तेच लिहा. माझ्या खिडक्या दिवाळीपासून होळीपर्यंत ९० टक्क्यांवर होत्या. ‘अजून किती दिवस लागतील?’ हे मात्र चुकूनही विचारू नका. त्याचं उत्तर आकड्यात येतं.

महिन्याअखेरी वेळापत्रकाच्या चार्टची मोठी रंगीत प्रत काढून साइटवर लावा. लावा म्हणजे पाठवा. माझी प्रत मी दुपारच्या सुट्टीत बघितली. ती जमिनीवर अंथरली होती, वर कडक भाकरी, शेंगा चटणी आणि फोडलेला कांदा. चटणीचं तेल बरोबर लाल पट्ट्यांवर उतरलं होतं. शेजारच्या कॉलमवर मिस्त्रीने खडूने स्लॅब टाकल्याची तारीख लिहिली होती, त्याखाली पाणी मारलेल्या दिवसांच्या उभ्या रेघा, पाचव्या रेघेला आडवी काट. तारीख माझ्या फाइलीतल्या तारखेनंतर २३ दिवसांची होती. असा कॉलम दिसला तर मान फिरवा आणि भाकरी घ्या. एकदा का ती तारीख वाचलीत, की ऑफिसात येऊन ती भरावी लागते.