‘अर्ध्या वाटेतून परत आणलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

रविवारच्या जंगलफेरीबद्दल तुम्ही लिहिलेलं वाचलं. चुन्याच्या जुन्या भट्टीपर्यंत न नेता परत फिरवलं, ‘इतिहासाच्या नावाखाली काळ्या मातीवर वीस मिनिटं प्रवचन दिलं’, आणि कुत्र्याचा पट्टा एकदाही सोडू दिला नाही, असं तुमचं म्हणणं आहे. भट्टी बघायची राहिली याबद्दल मनापासून माफी मागतो. का परत फिरतोय हे मी तिथेच तुम्हाला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. तेवढं माझं चुकलं.

पण त्या वीस मिनिटांबद्दल मला बोलावंच लागेल.

निघायची वेळ साडेसहाची होती. तुम्ही पोचलात सात वाजून पाच मिनिटांनी. रस्ता चुकतो, कोणाचाही चुकतो, मी तेव्हाही चकार शब्द काढला नाही. बाकीची चार माणसं आणि तीन कुत्री तोवर थांबून होती. साडेसहाची वेळ आम्ही उगाच ठेवलेली नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, आतली उष्णता तो मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो. तुमच्या पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेही धड जमत नाही. एरवी ३८-३९ अंशांच्या आसपास असलेलं अंग ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. चढाची वाट उन्हं वर यायच्या आत संपावी, एवढ्याचसाठी ती वेळ आहे. त्या दिवशी चढ लागला तेव्हा उन्हं वर आली होती.

चढ संपला तिथे तुमचा पग बसला. तुम्ही म्हणालात, लाडावलाय, ओढा की उठेल. मी खाली वाकून पाहिलं तर लाळ चिकट झालेली, जीभ गडद लाल, आणि सावलीत आणूनही धाप कमी होईना. माझ्या बाटलीतलं पाणी मी त्याच्या पोटावर आणि पंजांवर ओतलं, टोपीने वारा घातला, आणि ते करता करता बोलत राहिलो. बाकीची मंडळी कंटाळू नयेत, तुम्हालाही चारचौघांत अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून. त्याला प्रवचन म्हणालात, ते फार लागलं.

आणि ती नुसती काळी माती नाही हो. उतारावर तेवढीच एक गोल, सपाट जागा आहे, तिथे पूर्वी कोळसा पाडायचे. लाकडं रचायची, वरून पाला आणि माती लिंपायची आणि जेमतेम हवा जाईल एवढ्यावर तो ढीग कित्येक दिवस धुमसत ठेवायचा. कुठे माती ढासळून हवा शिरली की कोळशाची राख झालीच, म्हणून रात्रंदिवस राखण. दाट पांढरा धूर निघतोय तोवर लाकडातलं पाणी जातंय, तो विरळ निळसर झाला की माल तयार. इंग्लंडात १७०९ साली अब्राहम डार्बी नावाच्या कारखानदाराने कोक, म्हणजे दगडी कोळसा भाजून केलेलं इंधन, वापरून लोखंड काढून दाखवलं, तोवर तिथल्या लोखंडाच्या भट्ट्या अशाच लाकडी कोळशावर चालत. त्या जागेभोवतीच्या झाडांना एकाच बुडातून चार-पाच खोडं फुटलेली तुम्ही पाहिलीत. ती कोळशासाठी बुडाशी तोडून पुन्हा वाढू दिलेली झाडं आहेत. तुम्ही टाकलेल्या फोटोत तुमच्या कुत्र्याचे पुढचे पंजे काळे दिसतात. जरा हुशारी आल्यावर त्याने तिथेच उकरलं होतं, तो त्याच कोळशाचा चुरा आहे.

पट्ट्याचं म्हणाल तर जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि झुडपांतल्या गोचिड्या, दोन्हींसाठी तो नियम आहे आणि बुकिंग करतानाच सांगतो. त्यात बदल होणार नाही.

बाकी सुधारणा करतोय. वेळेची आठवण आदल्या रात्री पाठवू, चपट्या नाकाच्या कुत्र्यांसाठी छोटी वाट आखायचंही चाललंय. आम्ही दोघंच नवरा-बायको हे काम करतो. तुमचा अभिप्राय आल्यापासून पुढच्या फेरीची दोन बुकिंग रद्द झाली, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं, राग मानू नका.

तुमचा पग आता कसा आहे, तेवढं जरूर कळवा. भट्टी बघायला पुन्हा या, तुमच्याकडून पैसे घेणार नाही. फक्त साडेसहाला या.