युवक महोत्सव आणि सोमवारची तालीम

महाराष्ट्रात सध्या पदवीच्या श्रेयांकांवरून (क्रेडिट्सवरून) वाद चालू आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने गाणं, नाटक, खेळ, एनएसएस हे सगळं सह-अभ्यासक्रम म्हणून श्रेयांकांत घेतलं. एक बाजू म्हणते, आता तरी कॉलेजात कलेला मान मिळेल. दुसरी म्हणते, शिक्षकच नाहीत तर नुसत्या हजेरीपटावर सह्या होतील. दोघांचीही तळमळ खरी आहे. पण जर्मनीत बसून हा वाद वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. तालमीबद्दल कोणी बोलतच नाही. कुठे, किती वाजता, किती आठवडे आणि घेणार कोण?

इथल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांचा स्वतःचा वाद्यवृंद असतो आणि गायनवृंद असतो. त्यात वैद्यक, कायदा, भौतिकशास्त्र असं काहीबाही शिकणारी मुलं-मुली येतात. परंपरा जुनी आहे. १७०२ मध्ये लाइपझिगला कायदा शिकायला आलेल्या आणि पुढे मोठा संगीतकार झालेल्या टेलेमानने विद्यार्थ्यांचा एक संगीतसंघ उभा केला. १७२९ पासून त्याची सूत्रं संगीतकार बाखकडे होती आणि एका कॉफीगृहात त्याच्या नियमित मैफली होत. आजही अनेक विद्यापीठांत ‘विद्यापीठ संगीत संचालक’ हे पगारी पद आहे. काही ठिकाणी गाण्या-वाजवण्याचे एक-दोन श्रेयांक मिळतात, बऱ्याच ठिकाणी काहीच मिळत नाही. तरी मुलं येतात.

हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतं आणि कार्यक्रम जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत असतो. आठवड्यातून एकच ठरलेली संध्याकाळ, समजा सोमवार, सव्वादोन तास. नाताळची सुट्टी वगळून साधारण १४ संध्याकाळी हातात येतात. शिवाय गावाबाहेर मुक्कामी तालमीचा एक शनिवार-रविवार आणि शेवटच्या आठवड्यात गायक-वादकांच्या दोन-तीन एकत्र तालमी. सगळे मिळून ४५ ते ५० तास होतात. एवढ्या तासांत हौशी मुलं ७० मिनिटांची रचना उभी करतात.

जर्मन संगीतकार ब्राम्सचं ‘जर्मन रेक्विएम’ घ्या, म्हणजे मृत्यू आणि सांत्वन या विषयावरची गायनवृंद आणि वाद्यवृंदासाठीची रचना. विद्यापीठांच्या कार्यक्रमांत ते नेहमी असतं. सात भाग, बायबलच्या जर्मन भाषांतरातली वचनं, सोप्रानो (उंच स्त्री-आवाज) आणि बॅरिटोन (मधला पुरुषी आवाज) असे दोन एकल गायक. १० एप्रिल १८६८ रोजी ब्रेमेनच्या कॅथीड्रलमध्ये सहा भाग सादर झाले आणि सातही भाग पहिल्यांदा १८६९ मध्ये लाइपझिगला ऐकायला मिळाले. गायक ८० ते १०० लागतात. वाद्यांत चार हॉर्न, तीन ट्रॉम्बोन, ट्युबा, टिंपनी (मोठे सुरात लावलेले नगारे), हार्प आणि तंतुवाद्यांचा मोठा ताफा. विद्यार्थ्यांत बासरीवाले आणि व्हायोलिनवाले भरपूर मिळतात. व्हिओला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या स्वरांचं वाद्य), बसून (खालच्या स्वरांचं फुंकवाद्य) आणि डबल बास नेहमीच कमी पडतात. गायकांत टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाज, कमी. हार्प बहुधा बाहेरूनच, मानधन देऊन बोलवावी लागते.

आता अडचण बघा. पहिल्या भागात व्हायोलिन वाजतच नाहीत. सगळा भार व्हिओला आणि चेलोवर, आणि त्यांचेही पुन्हा उपभाग. म्हणजे जिथे माणसं कमी, तिथेच काम जास्त. त्यात गायकांचा पहिला प्रवेश जवळजवळ उघडा, साथीशिवाय आणि अगदी हळू आवाजात. हळू गाताना श्वासाचा आधार सुटतो आणि सूर उतरतो. मग वाद्यं परत येतात तेव्हा शंभर माणसांचा उतरलेला सूर सभागृहाला लख्ख ऐकू येतो. यावर उपाय आहे, पण तो तालमीतच करायचा असतो. चार ओळी साथीशिवाय गायच्या, पियानोवर स्वर तपासायचा आणि पुन्हा गायच्या. शेजाऱ्याने श्वास घेतला की आपण घ्यायचा नाही, म्हणजे स्वर कुठे तुटत नाही.

तिसऱ्या भागाच्या शेवटी एक फ्यूग आहे. म्हणजे चार आवाज एकमेकांच्या मागून तीच धून घेऊन धावतात आणि खाली ३६ मापं (तालाची आवर्तनं) मंद्रातला एकच ‘डी’ अखंड चालू राहतो, आपल्या तंबोऱ्यासारखा. १ डिसेंबर १८६७ ला व्हिएन्नात पहिले तीन भाग झाले, तेव्हा टिंपनीवाल्याने हा स्वर इतका जोरात बडवला की वरचं गाणं बुडालं आणि श्रोत्यांतल्या काहींनी नापसंती दाखवली. म्हणून टिंपनीवादकाला आधीच बजावलं जातं: गाणाऱ्यांचे शब्द तुला ऐकू आले पाहिजेत. फ्यूग शिकवतानाही आधी स्वर नसतात. नुसते शब्द ठेक्यात, निम्म्या लयीत बोलायचे. मग ‘नू’ या अक्षरावर स्वर आणि शेवटी दोन्ही एकत्र.

एकत्र तालमीत आणखी एक घोळ होतो. व्हायोलिनच्या पहिल्या रांगेपासून मागच्या गायकांपर्यंत १५ मीटर अंतर असतं. आवाजाला ते कापायला सुमारे ४४ मिलिसेकंद लागतात. मागचे लोक वाद्यं ऐकून गातात, म्हणून मागे पडतात, आणि कंडक्टरपर्यंत त्यांचा आवाज आणखी उशिरा पोहोचतो. त्यामुळे कानावर नव्हे, कंडक्टरच्या काठीवर गायला शिकावं लागतं. शब्दाच्या शेवटचा ‘स’ शंभर जणांनी शंभर वेळी म्हटला तर सभागृहात फुस्कारा उठतो. तो कोणत्या मात्रेवर संपवायचा हे प्रत्येकाने आपल्या प्रतीत पेन्सिलीने लिहायचं. व्हायोलिनचा गज कुठे वर, कुठे खाली, हेही विभागप्रमुख ठरवतो आणि प्रत्येक स्टँडवर उतरवून घेतलं जातं.

आता आपल्याकडे बघू. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत समूहगीताचा नियम आहे: जास्तीत जास्त सहा गायक, तीन साथीदार, दहा मिनिटं. स्पर्धेसाठी तो सोयीचा आहे. पण हजारो विद्यार्थ्यांच्या विद्यापीठातून निवडलेले सहा गळे हे शिक्षणाचं मोजमाप होऊ शकत नाही. चांगला गाणारा सातवा मुलगा घरी जातो आणि बेताचा गाणारा पन्नासावा तर दारापर्यंतही येत नाही. माझ्या मते खरं नुकसान या पन्नासाव्याचं आहे.

‘आपलं संगीत एकट्याचं, आपल्याकडे हे जमणार नाही,’ असं म्हणणाऱ्यांनी पुण्यातली ढोल-ताशा पथकं आठवावीत. गणपतीच्या आधी कित्येक आठवडे रोज संध्याकाळी कॉलेजची आणि नोकरीवरची शेकडो मुलं-मुली सराव करतात. तिथे गुण नाहीत, तरी शिस्त आहे. दिंडीतलं भजनही सामूहिकच. गोव्यात चर्चच्या शाळांनी पिढ्यान् पिढ्या व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवलं आणि तिथलं मांडो हे कोकणी गीत आजही दोन आवाजांत, म्हणजे एकाच वेळी दोन वेगळ्या सुरावटींत गातात. गोव्यातल्या माजोर्ड्याचे, हिंदी चित्रपटसंगीतात काम केलेले व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत आपल्या रागांवर आधारलेल्या रचनांसाठी मोठा वाद्यवृंद उभा केला होता. तो टिकला नाही.

समूहगीतातली एक अडचण तर दोन आवाजांत गाण्याने थेट सुटते. मुलींना हार्मोनियमवरची काळी चार सोयीची, मुलांना काळी एक. सगळे एकाच पट्टीत गायला लागले की एक गट ओरडतो, नाहीतर दुसऱ्याचा आवाज दबतो. आवाजाच्या पल्ल्याप्रमाणे वेगळी ओळ दिली की प्रत्येकजण आपल्या गळ्यात गातो. त्यासाठी ब्राम्स लागत नाही. एखादा अभंग दोन आवाजांत बांधा. भातखंडे स्वरलिपीतही दोन ओळी एकाखाली एक, मात्रेला मात्रा जुळवून लिहिता येतात.

श्रेयांक द्यायचेच असतील तर द्या. पण आधी एका विद्यापीठाने एक पूर्णवेळ संचालक नेमावा, ज्याच्याकडे दुसरं प्रशासकीय काम नसेल. वेळापत्रकात एक संध्याकाळ सगळ्याच शाखांसाठी मोकळी ठेवावी, त्या वेळी प्रात्यक्षिकं लावू नयेत. सभागृहाची किल्ली त्या संध्याकाळी संचालकाकडेच असावी. प्रती ठेवायला एक कपाट, सूर द्यायला एक पियानो किंवा हार्मोनियम, आणि निवड न करता पहिले ४० जण. पहिल्या सत्राअखेर वीस मिनिटांचा कार्यक्रम, तोही स्पर्धेशिवाय. दुसऱ्या सत्रात तेच ४० जण परत येतात का, हे बघावं.