बॅले, डंबेल्स आणि मांड्या: ‘एक पालक’ यांना उत्तर

नमस्कार. बॅले शिकणाऱ्या मुलींची उडी सुधारायला ताकदीचे व्यायामही हवेत, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “बॅले ही कला आहे, तालीमखाना नव्हे. बारा वर्षांच्या मुलींच्या हातात डंबेल्स दिलेत तर मांड्या पैलवानासारख्या होतील. स्वतः कधी नाचला असतात तर कळलं असतं.” पुढे फरशीवरच्या उड्यांचं आणि तुमच्या लेकीच्या टाचदुखीचं. मतभेद असू द्यात हो, पण टोपणनावाआडून माझं नाचणं कशाला काढायचं?

नाचलेय मी. मुंबईत, शाळेत असल्यापासून. आज फिजिओथेरपिस्ट म्हणून याच मुलींचे गुडघे-घोटे तपासते. बार (आधाराचा दांडा) धरून प्लिए, म्हणजे गुडघे वाकवून खाली जाणं, करत राहा, उडी आपोआप येईल, असं आम्हाला सांगायचे. माझी काही आली नाही. ताकद कमी होती आणि ती वाढवायला कुणी शिकवलंच नाही.

आता मांड्या. वयात येण्याआधी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना नीट कामाला लावायला शिकते म्हणून. स्नायू फुगवणारी संप्रेरकं तेव्हा पुरेशी नसतातच. नंतरही हलक्या वजनांनी कुणाच्या मांड्या पैलवानासारख्या होत नाहीत.

लेकीची सोते, म्हणजे दोन्ही पायांवरची साधी उडी, जरा बाजूने बघा. प्लिएमध्ये खाली जाऊन तळाशी न रेंगाळता जमीन ढकलली, तर टाचेमागच्या जाड कंडरेत साठलेला ताण उडीला मिळतो. बऱ्याच मुली तळाशी क्षणभर बसतात, नाहीतर टाच घाईने उचलतात, आणि तो ताण वाया जातो. शिवाय गुडघा वाकलेला असताना पोटरीच्या आतल्या स्नायूवर जास्त भार येतो. म्हणून मी एका पायावरचे रलेव्हे (टाच उचलून चवड्यावर येणं) गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दोन्ही सांगते. वजन त्यानंतर, तेही देखरेखीखाली. लंडनच्या रॉयल बॅलेचे नर्तकही जिममध्ये वजनं उचलतात. त्यांना जाऊन सांगा तालीमखान्याचं!

फरशीचं मान्य. खालून लवचीक असलेली लाकडी जमीनच हवी, एक ओळ लिहायला हवी होती. पण लेख जमिनीवर नव्हता.

टाच वाढीच्या वयात दुखते. उड्या बंद ठेवा, ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. कॉमेंटमधून मी काय तपासणार? आणि पुढच्या वेळी स्वतःचं नाव लिहा, म्हणजे निदान ताई म्हणायचं की दादा, तेवढं तरी कळेल.